नव्वद टक्के हवेची लादी: कणशोधकांसाठी एरोजेल कसे घडवतात

जपानमधील त्सुकुबा येथे केईके या प्रयोगशाळेच्या आवारात, जमिनीखाली सुपरकेईकेबी नावाचा कणत्वरक आहे. त्यात ७ जीईव्ही (जीईव्ही हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणि ४ जीईव्ही ऊर्जेचे पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवले जातात. या टकरींतून बी-मेसॉन नावाच्या अल्पायुषी कणांच्या जोड्या निर्माण होतात, त्या क्षणार्धात फुटतात आणि त्यांतून बाहेर पडणारे कण बेले-२ या प्रचंड कणशोधकातून आरपार जातात. या कणांमध्ये पायॉन आणि केऑन या दोन जातींचा भरणा मोठा असतो. बी-मेसॉन फुटून दोन पायॉन मिळाले, की एक पायॉन आणि एक केऑन मिळाला, यावर पुढचा सगळा निष्कर्ष अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक कण कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे भाग असते.

हे ओळखणे सोपे नाही. दोघांवरही सारखाच विद्युतभार असतो आणि चुंबकीय क्षेत्रात दोघांचेही मार्ग सारखेच वळतात. मार्गाच्या वळणावरून कणाचा संवेग कळतो, पण वस्तुमान कळत नाही. केऑन पायॉनच्या सुमारे साडेतीन पट जड असतो, म्हणजे संवेग सारखा असताना तो पायॉनपेक्षा थोडा सावकाश जातो. वेग मोजता आला तर जात ओळखता येते. अडचण अशी, की हे कण अतिशय वेगवान असतात. संवेग ४ जीईव्हीच्या घरात असेल तर पायॉनचा वेग प्रकाशवेगाच्या ९९.९४ टक्के आणि केऑनचा ९९.२५ टक्के असतो. हा पाऊण टक्क्याहूनही कमी फरक प्रत्येक कणासाठी खात्रीने मोजायचा, तोही केवळ काही सेंटिमीटर जागेत, हे काम ज्या वस्तूवर सोपवलेले आहे ती म्हणजे एरोजेलची लादी. ही लादी कशी बनते आणि ती बनवणे इतके कठीण का आहे, हे या लेखात समजावून घेऊ.

सुरुवात प्रकाशापासून करावी लागेल. पाणी किंवा काच अशा माध्यमात प्रकाश पोकळीपेक्षा सावकाश जातो, आणि किती पट सावकाश हे त्या माध्यमाचा अपवर्तनांक सांगतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, म्हणजे पाण्यात प्रकाशाचा वेग पोकळीतील वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांश राहतो. एखादा विद्युतभारित कण माध्यमातील प्रकाशालाही मागे टाकेल इतक्या वेगाने त्यातून गेला, तर त्याच्या मार्गाभोवती शंकूच्या आकारात फिकट निळा प्रकाश बाहेर पडतो. रशियन शास्त्रज्ञ पावेल चेरेन्कोव्ह यांनी १९३४ मध्ये याची नोंद केली, इल्या फ्रांक आणि इगोर ताम यांनी १९३७ मध्ये त्याची उपपत्ती मांडली आणि तिघांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अप्सरा या तलावी अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारी निळी आभा याच चेरेन्कोव्ह प्रारणाची.

या प्रारणाचे दोन गुण कण ओळखण्याच्या कामी येतात. पहिला असा, की कणाचा वेग एका उंबरठ्याच्या खाली असेल तर प्रकाश मुळीच निघत नाही. दुसरा असा, की शंकूचा कोन कणाच्या वेगावर ठरतो; वेग जास्त तर शंकू रुंद. हा शंकू समोरच्या पडद्यावर पडला की प्रकाशाचे कडे उमटते आणि कड्याची त्रिज्या मोजली की कणाचा वेग कळतो. उंबरठा कुठे असावा आणि कोन किती असावा, या दोन्ही गोष्टी माध्यमाच्या अपवर्तनांकावर अवलंबून असल्यामुळे योग्य अपवर्तनांकाचे माध्यम निवडणे हीच अशा उपकरणाची पहिली पायरी असते.

इथे निसर्गाने मोठी फट ठेवली आहे. वायूंचा अपवर्तनांक १.००० च्या अगदी जवळ, फार तर १.००२ पर्यंत असतो. द्रवांमध्ये खास निवडलेली फ्लोरिनयुक्त द्रव्येही १.२७ च्या आसपास सुरू होतात आणि क्वार्ट्झ काच १.४७ वर असते. वायूमध्ये आपल्या ४ जीईव्हीच्या केऑनचा उंबरठाच ओलांडला जात नाही. क्वार्ट्झमध्ये पायॉन आणि केऑन दोघेही भरपूर प्रकाश देतात, पण दोघांच्या कोनांतला फरक जेमतेम ०.४ अंश असतो. (बेले-२ च्या मधल्या, पिंपाच्या आकाराच्या भागात क्वार्ट्झच्याच पट्ट्या आहेत, पण तिथे प्रकाशकण पोचण्याच्या वेळेचे अतिसूक्ष्म मोजमाप करून तो फरक पकडला जातो.) अपवर्तनांक १.०५ असेल तर पायॉनचा कोन सुमारे १७.६ अंश आणि केऑनचा सुमारे १६.३ अंश येतो, म्हणजे फरक १.३ अंशांचा होतो. सामान्य दाबाला आणि तापमानाला असा अपवर्तनांक देणारा पारदर्शक पदार्थ एकच आहे: सिलिका एरोजेल.

सिलिका एरोजेल म्हणजे ज्या सिलिकॉन डायऑक्साइडची काच बनते त्याच्याच काही नॅनोमीटर आकाराच्या कणांची जोडून झालेली त्रिमितीय जाळी आणि त्या जाळीच्या पोकळ्यांत भरलेली हवा. पोकळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान, म्हणजे काही दहा नॅनोमीटरच्या असतात, त्यामुळे प्रकाशाला काच आणि हवा वेगवेगळ्या जाणवत नाहीत. दोघांच्या मिश्रणाचा सरासरी अपवर्तनांक जाणवतो. साहजिकच काचेचे प्रमाण वाढवले की अपवर्तनांक वाढतो. ढोबळ नियम असा, की घनता दर घन सेंटिमीटरला जितके ग्रॅम असेल तिच्या सुमारे पाव पटीने अपवर्तनांक १ च्या वर जातो. १.०५ हवा असेल तर घनता सुमारे ०.२ ग्रॅम हवी, आणि अशा लादीत नव्वद टक्क्यांहून अधिक हवा असते. १८ सेंटिमीटर लांबी-रुंदीची आणि २ सेंटिमीटर जाडीची लादी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. तेवढीच भरीव क्वार्ट्झ काच सुमारे १,४०० ग्रॅमची होईल.

या ढोबळ नियमातच निर्मितीची सारी अडचण दडलेली आहे, असे मला वाटते. अपवर्तनांक ०.००१ ने चुकला तर चेरेन्कोव्ह शंकूचा कोन सुमारे ०.१७ अंशाने चुकतो. पायॉन आणि केऑन यांच्यातला सगळा फरक १.३ अंशांचा असताना हे चालणारे नाही, कारण मोजमापात इतर त्रुटी आधीच भरपूर असतात. अपवर्तनांकातील ०.००१ म्हणजे घनतेतील सुमारे २ टक्के, आणि घनतेतील २ टक्के म्हणजे लादीच्या प्रत्येक बाजूच्या लांबीत अवघे ०.७ टक्के. लादी सुकताना तिची १८ सेंटिमीटरची बाजू अपेक्षेपेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त आकसली, तर तेवढ्यानेच अपवर्तनांक ०.००१ ने सरकतो. म्हणून द्रव ओतल्यापासून कोरडी लादी हाती येईपर्यंतच्या कित्येक आठवड्यांत जे काही केले जाते, त्याचा रोख घनता हवी तिथे आणि सगळीकडे सारखी राखण्यावर असतो.

एरोजेल प्रथम बनवले ते अमेरिकेतील सॅम्युएल किस्टलर यांनी, आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यांची पद्धत सोडियम सिलिकेटवर आधारलेली होती आणि जेलमधील, म्हणजे सुकवण्याआधीच्या द्रवाने भरलेल्या ओल्या जाळीतील, क्षार धुऊन काढण्यातच पुष्कळ वेळ जाई. फ्रान्समधील लिआँ येथे स्तानिस्लास तेशनेर यांच्या गटाने सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगापासून थेट अल्कोहोलमध्ये जेल बनवण्याची वाट शोधली आणि हे काम कितीतरी आटोपशीर झाले. त्याच गटाच्या साहाय्याने साक्ले येथील भौतिकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एरोजेल चेरेन्कोव्ह प्रारणासाठी वापरता येते हे दाखवून दिले. त्यानंतर जर्मनीतील डेझी प्रयोगशाळेच्या टॅसो प्रयोगासाठी सुमारे १,७०० लिटर एरोजेल लागले आणि ते स्वीडनमधील लुंडच्या शास्त्रज्ञांनी पुरवले. या मंडळींनी शबू या गावी मोठा दाबपात्राचा कारखाना उभारला होता. तिथे जेल तापलेल्या मिथेनॉलमध्ये सुकवत असत. १९८४ मध्ये दाबपात्रातून मिथेनॉलची वाफ गळून स्फोट झाला आणि इमारत उद्ध्वस्त झाली. काही जण जखमी झाले, सुदैवाने प्राणहानी झाली नाही. मिथेनॉलचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या वर द्रव आणि वायू असा भेद उरत नाही ती अवस्था, २३९ अंश सेल्सिअस आणि सुमारे ८० वातावरण दाबावर आहे. ज्वालाग्राही द्रव या अवस्थेत शेकडो लिटरने हाताळण्यातला धोका त्या घटनेने सर्वांपुढे आणला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील बर्कली येथून कार्बन डायऑक्साइड वापरून सुकवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि आज कणशोधकांसाठीच्या जपानी लाद्या याच मार्गाने बनतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. बेले-२ च्या लाद्यांसाठी चिबा विद्यापीठ आणि केईके येथील संशोधकांनी कृती विकसित केली आणि २०१३-१४ मध्ये जपान फाइन सिरॅमिक्स सेंटर या संस्थेत त्या मोठ्या संख्येने बनवण्यात आल्या.

पहिली पायरी ओतण्याची. कच्चा माल म्हणजे मिथाइल सिलिकेट, ज्यात सिलिकॉनचे अणू ऑक्सिजनने आधीच छोट्या साखळ्यांत जोडलेले असतात. याचे सर्वांत साधे रूप असलेले टेट्रामिथॉक्सिसिलेन डोळ्यांना अतिशय घातक आहे. त्याची वाफ बुबुळावर इजा करून दृष्टी घालवू शकते, म्हणून आधीच साखळीत जोडलेला माल वापरणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे. एका भांड्यात हे सिलिकेट आणि विद्रावक, दुसऱ्या भांड्यात पाणी आणि थोडासा अमोनिया, असे दोन भाग करून ठेवतात. दोन्ही एकत्र केले की पाण्याने सिलिकेटवरील मिथॉक्सी गट सुटतात, त्यांच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतात, आणि शेजारशेजारच्या दोन हायड्रॉक्सिल गटांतून पाणी निघून जाऊन सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पूल बांधला जातो. अमोनिया उत्प्रेरकाचे काम करतो. तो थोडा जास्त झाला तर मिश्रण ओतायच्या आधीच घट्ट होते. साच्यात ओतल्यावर काही मिनिटांत द्रवाचे जेल होते. या मिनिटांत साचा पूर्ण समपातळीत हवा, तो हलता कामा नये आणि त्यात बुडबुडा अडकता कामा नये. किती सिलिकेटाला किती विद्रावक घेतला यावर अंतिम घनता ठरते, त्यामुळे इथले वजनमाप चुकले तर पुढे ते दुरुस्त करता येत नाही.

विद्रावकाची निवड मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. एरोजेल काळ्या पार्श्वभूमीवर निळसर आणि उजेडाकडे धरल्यास पिवळसर दिसते, कारण त्याच्या बारीक रचनेमुळे प्रकाशाचे विकिरण होते, आणि तरंगलांबी कमी तितके विकिरण झपाट्याने वाढते. तरंगलांबी निम्मी झाली तर विकिरण सोळा पट. चेरेन्कोव्ह प्रकाश नेमका निळ्या आणि अतिनील बाजूला जास्त असतो. विखुरलेला प्रकाशकण नष्ट होत नाही, पण त्याची दिशा बदलते, आणि कड्याची त्रिज्या मोजणाऱ्या उपकरणाला दिशा बदललेला प्रकाशकण उपयोगाचा नसतो. उलट तो खोटी खूण बनून त्रास देतो. विकिरण कमी हवे तर सिलिकाचे कण आणि पोकळ्या दोन्ही शक्य तितक्या लहान आणि एकसारख्या व्हायला हव्यात. नुसत्या मिथेनॉलऐवजी डायमिथाइलफॉर्ममाइड हा विद्रावक वापरला तर ती रचना अधिक बारीक येते असे केईकेतील संशोधकांना आढळले. बेले-२ च्या लाद्यांमध्ये निळा प्रकाश सुमारे ४ सेंटिमीटर गेल्यावर मूळच्या ३७ टक्के उरावा अशी पातळी गाठायची होती. याचा अर्थ २ सेंटिमीटरच्या लादीतून साठ टक्क्यांच्या आसपास प्रकाश दिशा न बदलता बाहेर येतो.

जेल घट्ट झाले तरी ते लगेच साच्यातून काढत नाहीत. ते झाकून सुमारे आठवडाभर मुरवतात. या काळात उरलेले हायड्रॉक्सिल गट एकमेकांशी जोडले जात राहतात, कणांच्या सांध्यांवर सिलिका साचते आणि जाळी बळकट होते. मग लादी साच्यातून सोडवून इथेनॉलमध्ये बुडवतात. या अवस्थेत ती कडा दाबली तर फुटेल इतकी नाजूक असते आणि स्वतःच्या वजनानेही वाकू शकते, म्हणून ती नेहमी पातळ पट्टीवर आधार देऊन आणि द्रवात बुडालेली ठेवूनच हलवतात.

पुढची पायरी मला सर्वांत देखणी वाटते, कारण तिने एका रासायनिक युक्तीत दोन अडचणी सोडवल्या आहेत. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट शिल्लक राहतात आणि ते हवेतील बाष्प ओढून घेतात. बाष्प आत शिरले की घनता बदलते, घनता बदलली की अपवर्तनांक बदलतो आणि पारदर्शकताही ढासळते. म्हणून जेल हेक्सामिथाइलडायसिलाझेन या संयुगाच्या द्रावणात काही दिवस ठेवतात. त्यामुळे हायड्रॉक्सिलमधील हायड्रोजनच्या जागी तीन मिथाइल गट असलेला सिलिकॉन बसतो, अमोनिया बाहेर पडतो आणि लादीचा अंतर्गत पृष्ठभाग पाणी झिडकारणारा होतो. त्यानंतर ताज्या इथेनॉलने पुन्हा पुन्हा धुऊन अमोनिया आणि उरलेली रसायने काढून टाकतात. ही पद्धत १९९० च्या दशकात जपानच्या मात्सुशिता इलेक्ट्रिक वर्क्समध्ये विकसित झाली आणि बेले-२ च्या आधीच्या बेले प्रयोगात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. तिचा दुसरा लाभ पुढे लाद्या कापताना दिसतो.

मग येते सुकवण्याची पायरी, आणि इथेच बहुतेक लाद्यांचे भवितव्य ठरते. उन्हाळ्यात काळ्या मातीचे शेत वाळताना आकसते आणि त्याला भेगा पडतात, तसेच ओले जेल उघड्यावर ठेवले तर होते. जेलच्या पोकळीत द्रव आणि हवा यांच्यामध्ये वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो पोकळीच्या भिंतींना आत ओढतो. ही ओढ पोकळी जितकी लहान तितकी जास्त असते. इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, तरीही १० नॅनोमीटर त्रिज्येच्या पोकळीत ही ओढ ४० वातावरण दाबापेक्षा जास्त भरते. नव्वद टक्के पोकळ असलेली काचेची जाळी एवढा ताण सोसू शकत नाही.

यावरचा उपाय म्हणजे द्रव आणि वायू यांच्यातील सीमाच नाहीशी करणे. कोणताही द्रव त्याच्या क्रांतिक तापमान आणि दाबाच्या वर नेला की द्रव आणि वायू असे दोन वेगळे प्रकार उरत नाहीत. एकच दाट प्रवाही असतो, त्याला पृष्ठभाग नसतो, म्हणून पृष्ठताणही नसतो. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७३ वातावरण दाबावर आहे. जेलच्या लाद्या इथेनॉलमध्ये बुडवून दाबपात्रात ठेवतात, त्यात द्रव कार्बन डायऑक्साइड सोडून इथेनॉल हळूहळू धुऊन काढतात आणि मग तापमान वाढवून क्रांतिक बिंदू ओलांडतात. प्रत्यक्षात दाब आणि तापमान त्या बिंदूच्या बरेच वर ठेवले जातात, कारण आत उरलेल्या इथेनॉलमुळे मिश्रणाचा क्रांतिक बिंदू वर सरकतो. शेवटी तापमान टिकवून ठेवून दाब अतिशय हळू कमी करतात. घाई केली तर आतला वायू पोकळ्यांतून निसटण्याआधीच फुगतो आणि लादी तडकते. द्रवाची अदलाबदल आणि वायूचे निसटणे या दोन्हींना लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट लागतो. लादी २ सेंटिमीटरचीच का, ४ सेंटिमीटरची का नाही, याचे एक उत्तर या हिशेबात आहे.

दुसरे उत्तर भौतिकशास्त्रातून येते. लादी जितकी जाड तितका प्रकाश जास्त, पण प्रकाशकण नेमका कोणत्या खोलीवर जन्मला हे कळत नाही. ४ सेंटिमीटर जाडीत आरंभाला जन्मलेला आणि शेवटी जन्मलेला प्रकाशकण पडद्यावर सव्वा सेंटिमीटरच्या अंतराने पडतात. पायॉनच्या आणि केऑनच्या कड्यांच्या त्रिज्यांतला फरक सुमारे ५ मिलिमीटर असताना कडे एवढे फासले गेले तर काहीच ओळखता येणार नाही. म्हणून बेले-२ मध्ये २ सेंटिमीटरच्या दोन लाद्या एकामागे एक ठेवल्या आहेत: कण आधी १.०४५ अपवर्तनांकाच्या लादीतून आणि मग १.०५५ च्या लादीतून जातो. दुसऱ्या लादीचा शंकू थोडा अधिक रुंद असल्यामुळे तिचे कडे बरोबर पहिल्या लादीच्या कड्यावर येऊन बसते. प्रकाशही दोन लाद्यांचा मिळतो आणि कडेही फासले जात नाही. २ सेंटिमीटर अंतरामुळे पडणारा सुमारे ६ मिलिमीटरचा फरक अपवर्तनांकातील ०.०१० च्या फरकाने भरून निघतो. हवा तो अपवर्तनांक मागणीप्रमाणे घडवता येतो म्हणूनच ही कल्पना शक्य झाली. काच, पाणी किंवा वायू यांपैकी कोणालाही हे जमले नसते.

तयार झालेली प्रत्येक लादी मोजली जाते. अपवर्तनांक मोजण्यासाठी लादीचा काटकोनी कोपराच लोलक म्हणून वापरतात. लेसरचा किरण कोपऱ्यातून जाऊ दिला की तो थोडासा वळतो, आणि लादी फिरवून तो कमीत कमी किती वळतो ते दूरच्या पडद्यावर पाहतात. १.०५ च्या लादीसाठी हे वळण ६ अंशांच्या जरा खाली असते. अपवर्तनांकात ०.००१ चा फरक झाला तर २ मीटर दूर ठेवलेल्या पडद्यावर ठिपका सुमारे ४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे साध्या मोजपट्टीनेही तो दिसतो. हे माप फक्त कोपऱ्यांचे झाले. लादीच्या मध्यभागी घनता तीच आहे की नाही हे क्ष-किरणांच्या शोषणावरून तपासता येते.

साच्यातून आलेल्या लादीच्या कडा ओतताना चढलेल्या द्रवामुळे थोड्या वक्र असतात, शिवाय वर्तुळाकार चौकटीत बसण्यासाठी चौकोनी लादी चालत नाही. म्हणून लाद्या पाचरीच्या आकारात कापतात, आणि कापतात ते पाण्याच्या अतिवेगवान धारेने. साध्या, पाणी शोषणाऱ्या एरोजेलला पाण्याचा थेंब लागला तरी पोकळ्या कोसळून ती जागा उद्ध्वस्त होते. मिथाइल गटांचे आवरण असल्यामुळेच इथे पाण्याने कापणे शक्य होते. बेले-२ मध्ये अशा १२४ जागांवर प्रत्येकी दोन, एकूण २४८ लाद्या बसवल्या आहेत. लाद्यांच्या सांध्यांवर प्रकाश वाया जातो, म्हणून लादी जितकी मोठी आणि सांधे जितके कमी तितके चांगले. लाद्यांपासून सुमारे २० सेंटिमीटर अंतरावर ४२० प्रकाशशोधक आहेत आणि त्या प्रत्येकात १४४ चौकटी आहेत. एवढे सगळे करून एका कड्यामागे जेमतेम दहा-बारा प्रकाशकण हाती लागतात. एका प्रकाशकणावरून कोन काढला तर तो पाऊण अंशाने चुकू शकतो. दहांची सरासरी घेतली की चूक पाव अंशावर येते, आणि १.३ अंशांचा फरक खात्रीने ओळखता येतो.

रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे बुडकर अणुभौतिकी संस्था आणि बोरेस्कोव्ह उत्प्रेरण संस्था यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांचे एरोजेल पाणी शोषते, पण ते अतिशय पारदर्शक असते आणि बाष्प शिरले तर उच्च तापमानाला भाजून पूर्ववत करता येते. मिथाइल गटांचे आवरण असलेली लादी अशी भाजता येत नाही, कारण ते गट जळून जातात. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या एलएचसीबी प्रयोगात आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील एएमएस या उपकरणात नोव्होसिबिर्स्कच्याच लाद्या होत्या. एलएचसीबीमध्ये एरोजेल शेजारच्या फ्लोरोकार्बन वायूच्या सान्निध्यात होते. तो वायू पोकळ्यांत शिरून लादीचे गुणधर्म बदलू लागला. कणांच्या प्रचंड गर्दीत एरोजेलचे मोजके प्रकाशकण वेगळे काढणेही अवघड गेले, आणि पुढच्या टप्प्यासाठी त्या लाद्या काढून घेण्यात आल्या. सच्छिद्रता हाच एरोजेलचा गुण असल्याने त्याच्या भोवतालची हवासुद्धा निर्मितीच्या वेळेइतकीच जपावी लागते, हे त्या अनुभवावरून दिसते.

या विषयाशी महाराष्ट्राचाही खरा संबंध आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था बेले आणि बेले-२ या दोन्ही प्रयोगांत सहभागी आहे. बेले-२ च्या केंद्रभागी असलेल्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर तिच्या गटाने बांधला. आणि खुद्द एरोजेलवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील एअर ग्लास प्रयोगशाळेने, प्रा. ए. वेंकटेश्वर राव यांच्या मार्गदर्शनाखाली, अनेक वर्षे काम केले. विद्रावक, उत्प्रेरक आणि पाणी यांची प्रमाणे बदलली की लादी अखंड येते की तडकते, पारदर्शक येते की धुरकट, याचा पद्धतशीर अभ्यास तिथे झाला. ज्याच्या रेणूत मिथाइल गट आधीपासूनच आहे असे मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेन वापरून पाण्याचा थेंब गोळी होऊन घरंगळेल असे एरोजेलही त्यांनी बनवले. असे एरोजेल लवचीक आणि उत्तम उष्णतारोधक असते, पण त्याची जाळी भरड असल्यामुळे ते पारदर्शक राहत नाही. जपानी पद्धतीत मिथाइल गट जाळी तयार झाल्यानंतर का चढवले जातात, याचे कारण कोल्हापूरच्या कामातून फार स्पष्टपणे समजते.

१.१० च्या वरचा अपवर्तनांक नेहमीच्या कृतीने हवा तितका पारदर्शक मिळत नाही. चिबा विद्यापीठातील माकोतो ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी आकसण्याचाच उपयोग करून घेतला. ओले जेल बारीक छिद्रे पाडलेल्या बंद डब्यात ठेवतात, विद्रावक त्या छिद्रांतून अत्यंत सावकाश उडत राहतो आणि जेल न तडकता सर्व बाजूंनी सारखे आकसते. घनता हवी तेवढी झाली की मग ते दाबपात्रात सुकवतात. घाई करता येत नसल्याने याला काही महिने लागतात. २०२४ मध्ये स्वीडनमधील किरुना येथून बलूनखाली आकाशात गेलेल्या हेलिक्स या वैश्विक किरणांच्या प्रयोगात अशाच, १.१६ च्या आसपास अपवर्तनांक असलेल्या लाद्या होत्या.

येणाऱ्या प्रयोगांची मागणी मात्र दुसऱ्या टोकाकडे झुकते आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे उभारल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉन-आयन त्वरकाच्या कणशोधकात आणि सर्नच्या प्रस्तावित ॲलिस-३ मध्ये १.०३ च्या आसपासचे एरोजेल वापरण्याची योजना आहे. अपवर्तनांक इतका खाली आणला की सिलिका कमी होते, प्रकाश कमी मिळतो, ओले जेल आणखी मऊ होते आणि साच्यातून काढताना फाटण्याची शक्यता वाढते. तरीही सांधे कमी करण्यासाठी लाद्या आजच्याइतक्याच किंवा त्याहून मोठ्या हव्या आहेत. त्यामुळे मुरवण्याचा काळ, धुण्याच्या फेऱ्या आणि दाब उतरवण्याचा वेग ही सगळी गणिते या मऊ जेलसाठी नव्याने बसवण्याचे काम सध्या प्रयोगशाळांमध्ये चालू आहे.